जड गाडी, कच्चा रस्ता आणि थोडे भौतिकशास्त्र





दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटायला आला. हिमाचलातील स्पिती खोरे मोटारसायकलने फिरून तो इंदूरला परतला होता. मैदानाच्या कडेला त्याने आपली अडीचशे किलोची गाडी उभी केली आणि मधल्या सुट्टीत तिच्याभोवती निम्मी शाळा गोळा झाली. मुलांचे प्रश्न ठरलेले होते. किती पळते? केवढ्याला पडली? ॲव्हरेज काय? सातवीतल्या एका मुलीने मात्र विचारले, "दादा, ही पडली तर उचलायची कशी?" त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न हाच होता असे मला वाटले.

पुढच्याच आठवड्यात दहावीतला एक विद्यार्थी वडिलांची मोटारसायकल घेऊन शाळेत आला आणि फाटकापाशी पसरलेल्या गिट्टीवर घसरून पडला. गुडघा सोलवटला, नशिबाने त्याहून अधिक काही झाले नाही. मी त्याला खोलीत बोलावले. तो म्हणाला, "सर, मी हळूच होतो. ब्रेक मारला आणि गाडी आपोआप पडली." गाडी आपोआप पडत नाही. ती नियमाने पडते, आणि तो नियम आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो. म्हणून या अंकाचा पाठ मोठ्या 'ॲडव्हेंचर' मोटारसायकलीवर देत आहे. मी भौतिकशास्त्र हिंदी माध्यमातून शिकलो. तेव्हा ज्याला आम्ही 'गुरुत्व केंद्र' म्हणत होतो त्याला तुमच्या पुस्तकात 'गुरुत्वमध्य' म्हणतात. शब्द वेगळे असले तरी पडण्याची क्रिया एकच आहे.

ही गाडी आली कोठून?

१९८० साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने 'आर ८० जी/एस' नावाची गाडी बाजारात आणली. जर्मन भाषेत 'गेलेंडे' म्हणजे मोकळे, ओबडधोबड रान आणि 'श्ट्रासे' म्हणजे रस्ता. दोन्हीकडे चालेल अशी गाडी, म्हणून जी/एस. इंजिन सुमारे ८०० घनसेंटीमीटरचे होते. त्या काळी रानात चालवायच्या गाड्या हलक्या आणि एका सिलिंडरच्या असत. एवढी मोठी दोन सिलिंडरची गाडी वाळूत काय करणार, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते.

उत्तर सहारा वाळवंटात मिळाले. पॅरिसहून निघून आफ्रिकेतील सेनेगल देशाच्या डकार शहरापर्यंत जाणारी रॅली पहिल्यांदा १९७८ च्या डिसेंबरात सुरू झाली होती. १९८१ मध्ये ह्युबेर ओरिओल या फ्रेंच चालकाने ती याच जातीच्या गाडीवर जिंकली, १९८३ मध्ये पुन्हा जिंकली. १९८४ आणि १९८५ मध्ये बेल्जियमचा गास्तों राहिए विजयी झाला. राहिए उंचीने बराच ठेंगणा होता. पेट्रोलच्या भल्यामोठ्या टाकीची ती उंच गाडी त्याच्यापुढे हत्तीसारखी दिसे. जड गाडी केवळ ताकदीने चालत नाही, हे त्याच्याकडे पाहून पटते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०११ पासून डकार रॅलीत ४५० घनसेंटीमीटरहून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींना प्रवेश नाही. २०१५ मध्ये ही रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष आणि २०२४ मध्ये 'रॅली २' हा गट जिंकणारे हरिथ नोआ, दोघेही याच मर्यादेतील गाड्यांवर होते. मग मोठ्या गाडीचे काम काय? तर दूरचा प्रवास. दिवसभरात पाचशे किलोमीटर डांबरी रस्ता, नंतर पन्नास किलोमीटर दगडमाती, सोबत सामान, कधी मागे दुसरा माणूस. ही गाडी एक तडजोड आहे. रानात ती हलक्या गाडीइतकी चपळ नसते, पण रानापर्यंत आरामात नेते आणि सांभाळून चालवली तर रानातून बाहेरही काढते.

वजन: मित्र आणि शत्रू

थोडे गणित करू. गाडी २५० किलो, चालक ७५ किलो, सामान ३५ किलो. एकूण ३६० किलो. वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११.१ मीटर. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला येते: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे अर्धे. उत्तर येते सुमारे २२,२०० ज्यूल. आता वेग निम्मा करा, ताशी २० किलोमीटर. ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाई होते, सुमारे ५,५५० ज्यूल.

हे आकडे डोळ्यांपुढे येत नसतील तर असे समजा. ताशी ४० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सव्वासहा मीटरवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखे. ताशी २० म्हणजे दीड मीटरपेक्षा थोड्या अधिक उंचीवरून पडण्यासारखे. आमचा दहावीचा विद्यार्थी "हळूच होतो" म्हणाला. चाळीसला आपण हळू म्हणतो, शरीर म्हणत नाही.

वजनाचा फायदाही आहे. जड गाडी लहान खडे, वारा, बारीक खड्डे यांनी सहज विचलित होत नाही. जडत्वामुळे ती आपली दिशा धरून राहते. पण तेच जडत्व वळताना आणि थांबताना आडवे येते. म्हणून अनुभवी चालक कच्च्या रस्त्यावर पुढे दूरवर पाहतो आणि वळणाच्या आधीच वेग कमी करतो. वळणात शिरल्यावर विचार करायला वेळ उरत नाही.

हवा किती भरावी?

पंचरच्या दुकानात आपण म्हणतो, "तीस पौंड हवा भर." या पौंडाचा अर्थ काय? टायर जमिनीला किती जागेत टेकेल, हे त्यावर बरेचसे ठरते. मागच्या चाकावर २०० किलो भार आहे आणि हवा ४२ पौंड आहे असे समजा. ४२ पौंड म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ ३ किलो दाब. २०० भागिले २.९५, म्हणजे सुमारे ६८ चौरस सेंटीमीटर जागा. हवा २५ पौंड केली तर हीच जागा सुमारे ११४ चौरस सेंटीमीटर होते. टायरच्या कडकपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण दिशा हीच असते.

वाळूत किंवा भुसभुशीत मातीत पसरट टायर कमी रुततो. उंटाचा पाय पाहिला आहे ना? तोच न्याय. परंतु दगडी रस्त्यावर हवा फार कमी असेल तर रिम दगडावर आपटून वाकते किंवा ट्यूब चिमटून फाटते. आणि डांबरी रस्त्यावर परतल्यावर हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाही तर टायर तापतो. कोणतीही एक गोष्ट सर्व ठिकाणी योग्य नसते.

आपल्या माळव्यातली काळी माती हे आणखी एक प्रकरण आहे. पावसात ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि मडगार्डखाली साचून चाकच अडवते. तिथे हवा कमी करून काही उपयोग होत नाही. गाडी बाजूला लावून काडीने चिखल काढणे हाच उपाय.

उभे राहून का चालवतात?

चित्रात तुम्ही पाहिले असेल, खडबडीत रस्त्यावर चालक पायदानावर उभा असतो. पुष्कळ लोक सांगतात की त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो. हे खरे नाही. माणूस उभा राहिला की त्याचे शरीर वर जाते, म्हणजे गाडी आणि चालक यांचा एकत्रित गुरुत्वमध्य वरच सरकतो. मग फायदा कसला? फायदा सुटे होण्याचा आहे. बसलेला माणूस गाडीला बांधल्यासारखा असतो. गाडी उसळली की तो उसळतो, ती कलली की तो कलतो. उभ्या माणसाचे गुडघे शॉकअपचे काम करतात. गाडी त्याच्या खाली डावी-उजवीकडे हलते आणि त्याचे धड बऱ्यापैकी स्थिर राहते. शिवाय एका पायदानावर भार देऊन तो गाडीला कलवू शकतो, आणि त्याला पुढचा रस्ताही अधिक दिसतो.

हँडल मात्र हलक्या हाताने धरायचे. दवाखान्यातील ट्रॉलीची चाके पाहा. ट्रॉली ढकलली की चाक आपोआप मागे वळून सरळ होते. मोटारसायकलचे पुढचे चाकही असेच बसवलेले असते, त्याला स्वतःच सरळ व्हायचे असते. घाबरून हँडल आवळून धरले तर आपण त्याला ते करू देत नाही. वाळूत पुढचे चाक डुलते तेव्हा भार थोडा मागे न्यावा, रेस एकसारखी ठेवावी आणि चाकाला त्याचे काम करू द्यावे.

ब्रेक: सर्वांत महत्त्वाचा धडा

फिरणारे चाक आपली वाट धरून ठेवते. अडकलेले, घसरणारे चाक वाट धरत नाही, ते कुठेही जाते. दुचाकी तोल सांभाळते ती मुख्यतः पुढचे चाक थोडे थोडे वळवून. गिट्टीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की ते चाक अडकते, आणि मग तोल सांभाळायला काहीच उरत नाही. अर्ध्या सेकंदात माणूस जमिनीवर. आमच्या फाटकापाशी हेच घडले.

भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटीमीटरहून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीत एबीएस आवश्यक आहे. हे यंत्र चाक अडकू देत नाही, ब्रेक क्षणात सोडते आणि पुन्हा धरते. रस्त्यावर यामुळे जीव वाचतात. पण सैल मातीत अडकलेले चाक आपल्यापुढे मातीचा छोटा ढीग जमवते आणि त्याला टेकून लवकर थांबते. एबीएस तो ढीग जमू देत नाही, म्हणून थांबायला अंतर जास्त लागते. याच कारणाने ॲडव्हेंचर गाड्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय असते. ही सोय फक्त कच्च्या रस्त्यासाठी, आणि ज्याला ती का आहे हे समजते त्याच्यासाठी आहे.

गाडी टिकते कशी?

आपल्या देशात २०१६ साली आलेली रॉयल एनफील्ड हिमालयन हे मध्यम आकाराचे उदाहरण घेऊ. पुढचे चाक २१ इंची होते, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर सहज चढते. पुढचा शॉकअप २०० मिलिमीटर दबत असे, आणि पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच होते. चाके तारांची होती. ओतीव चाक दगडावर आपटले तर तडकू शकते, तारांचे चाक थोडे लवचिक असते, वाकले तरी बहुधा घरी आणते.

मोठ्या गाड्यांत इंजिनाखाली जाड पत्रा, हातांपुढे संरक्षक आणि दोन्ही बाजूंना नळ्यांचा सांगाडा लावतात. तरी धूळ, पाणी आणि हादरे हे तीन शत्रू राहतातच. धुळीने एअर फिल्टर भरतो, म्हणून तो वारंवार साफ करावा. हादऱ्यांनी नट ढिले होतात, म्हणून रोज संध्याकाळी पाना घेऊन गाडीभोवती एक फेरी मारावी. नाल्यात गाडी बुडून बंद पडली तर लगेच स्टार्ट करू नये. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर घालवावे लागते.

धातूचा थकवा हा चौथा शत्रू. तार एकदा वाकवून तुटत नाही, पन्नास वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते. मागच्या चाकाच्याही मागे जड पेट्या टांगल्या की प्रत्येक खड्ड्यात सांगाड्यावर तरफेसारखा जोर येतो. २००४ मध्ये युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते लंडनहून युरोप, कझाकस्तान, मंगोलिया आणि सैबेरिया ओलांडून न्यूयॉर्कपर्यंत गेले. त्यांच्या गाड्या बीएमडब्ल्यूच्या ११५० घनसेंटीमीटरच्या, सामानाने खच्चून भरलेल्या होत्या. मंगोलियात त्यांच्या सोबतच्या कॅमेरामनच्या गाडीचा सांगाडा तुटला. तिथल्या लोकांनी तो वेल्डिंग करून जोडला, पण नंतर गाडीची ब्रेक-यंत्रणाच बिघडली. शेवटी कॅमेरामनने पुढचा काही प्रवास तिथेच विकत घेतलेल्या साध्या रशियन गाडीवर केला. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक भाग सोडवून ठेवावेत, हा कारागिरांचा नियम किती मोलाचा आहे ते यावरून कळते. पुढे सैबेरियात नद्यांना पूर आला होता, तेव्हा त्यांनी गाड्या सरळ ट्रकवर चढवल्या. यात कमीपणा काही नाही. कुठे थांबावे हे कळणे हाही चालवण्याचाच भाग आहे.

इंदूरहून जवळच पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' ही वाहनांची राष्ट्रीय चाचणी संस्था आहे. तिच्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. तिथे वाहनाचा 'थकवा' तपासण्यासाठी मुद्दाम खराब बांधलेला मार्गही आहे. यंत्रांच्या या अभ्यासात ज्यांना रस वाटेल त्यांना नोकरीची दारे घरापासून तासाभरावर आहेत, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

पडलेली गाडी उचलताना तिचे सगळे वजन उचलावे लागत नाही. टायर जमिनीला टेकलेले असतात, गाडी फक्त त्यांच्याभोवती फिरवून उभी करायची असते. प्रथम इंजिन बंद करा. पेट्या निघत असतील तर काढा. गाडी उजवीकडे पडली असेल तर डावीकडचे स्टँड आधीच बाहेर काढा आणि गिअर टाकून ठेवा. हँडल पूर्ण वळवून जमिनीकडची मूठ टाकीजवळ आणा. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसा, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने मागचा दांडा धरा, पाठ ताठ ठेवा आणि पायांनी मागे रेटत लहान लहान पावले टाका. जोर मांड्यांचा लागतो, कमरेचा नाही. म्हणून बाळा, सराव केलास तर मोठेपणी तूही उचलशील.

एक जुनी गोष्ट

आता मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी छत्तीस-सदतीस वर्षे घरात सांगितली नाही. १९८९ च्या उन्हाळ्यात मी एकोणीस वर्षांचा होतो. लायसन्स नुकतेच मिळाले होते. वडिलांची राजदूत घेऊन मी आणि माझा धाकटा भाऊ मंडलेश्वरला मावशीकडे निघालो. घाट उतरल्यावर रस्त्याचे काम चालू होते, गिट्टी पसरलेली होती. समोर बैलगाडी दिसली आणि मी पुढचा ब्रेक दाबला. पुढचे काय ते वर लिहिलेच आहे. मला खरचटले. भावाचे कोपर मोडले. वडिलांना मी सांगितले की कुत्रा आडवा आला. भावानेही माझ्यासाठी तेच सांगितले.

त्याचा तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही. वडील गेले, त्यांना खरे कधी कळले नाही. हा लेख लिहिण्याआधी मी भावाला फोन करून विचारले, लिहू का? तो म्हणाला, "लिही दादा. पण त्या कुत्र्याची माफी माग." मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात घर्षणाचे प्रकरण पाठ करून आलो होतो, मला त्यात चांगले गुणही होते. पण पुस्तकातले घर्षण आणि रस्त्यावरची गिट्टी यांचा संबंध मला कोणी लावून दिला नव्हता, आणि मीही लावला नव्हता. दहावीच्या त्या विद्यार्थ्यावर मी रागावलो नाही याचे कारण हेच.

तरी नियम सांगणे माझे कर्तव्य आहे. गिअरची गाडी चालवण्याचे वय १८ आहे. २०१९ च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. पालकांनी किल्ली देण्याआधी माझ्या भावाचे कोपर आठवावे. विश्वस्त मंडळींना विनंती की फाटकापाशी सुटी पडलेली गिट्टी उचलून तिथे पक्का उतार करावा आणि सायकलींसाठी छप्पर बांधावे. मुलगा सायकलने आला तर त्याची सायकल उन्हात तापू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

स्वाध्याय

१. तुमचे आणि तुमच्या सायकलचे मिळून वजन काढा. ताशी १५ आणि ताशी ३० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा किती येते?

२. सायकलच्या टायरमधील हवा कमी-जास्त करून खडूच्या भुकटीवर चाक टेकवा आणि ठशाची लांबी-रुंदी मोजा.

३. पायदानावर उभे राहिल्याने गुरुत्वमध्य वर जातो की खाली? तरी उभे का राहतात? पाच ओळींत लिहा.

४. पालकांसोबत जवळच्या मेकॅनिककडे जाऊन भरलेला आणि स्वच्छ एअर फिल्टर पाहून या.

५. घरातील मोठ्यांना विचारा: तुम्ही गाडीवरून पहिल्यांदा केव्हा पडलात, आणि का? खरे कारण विचारा.

उत्तरे विज्ञानाच्या बाईंकडे महिनाअखेरपर्यंत द्यावीत. पाचव्या प्रश्नाची उत्तरे मला स्वतःला वाचायला आवडतील.

आपला,
प्राचार्य